भैरोबावरची ताडपत्री

"देवाच्या अंगावरची ताडपत्री का ओढताय, बाबा?"

सुमेरगिरी धावतच आला. सकाळी त्यानेच ती घातली होती. खाडीपलीकडची अणुभट्टी फुटलीय, विषारी धूळ वाऱ्याबरोबर इकडे सरकतेय, उघडं असेल ते झाकून घ्या, असं सरकारी जीपवाले ओरडून गेले होते. कातळाच्या उंच सड्यावरच्या त्या मठात उन्हापावसात उघडा बसणारा एकच होता... पारावरचा शेंदूर फासलेला भैरोबा. ताडपत्रीही मठात एकच होती. सुमेरगिरीने मागचापुढचा विचार केला नाही, आणि वर त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं.

ताडपत्री खांद्यावर टाकून त्याचे गुरू भोळागिरी बाबा गोठ्यामागच्या पेंढ्याच्या उडवीकडे चालू लागले.

"पेंढ्यासाठी?" सुमेरगिरीचा आवाज चढला. "देवाला उघडं टाकून?"

"गाई खातात काय?"

"पेंढा."

"वाडीतली पोरं पितात काय?"

सुमेरगिरीची नजर गोठ्याकडे गेली. खालच्या वाडीला दूध मठाचंच जायचं. धूळ पेंढ्यावर बसली की दुधात उतरणार, एवढं त्यालाही कळत होतं. पण सगळ्या चेल्यांत जास्त जप त्याचा. तो सहजासहजी कुठला माघार घ्यायला.

"मी जपाला बसतो. वारा परतवून लावतो."

"लाव. तोवर हे टोक धर."

त्याने चरफडत टोक धरलं. गाई आत बांधल्या होत्या, विहिरीवर फळ्या टाकल्या होत्या. उडवी तेवढी राहिली होती.

"सगळे निघून चाललेत, बाबा. आपणही..."

"मग धार कोण काढील?"

ताडपत्री वर चढली. तीन टोकं खुंट्यांना बांधून झाली. चौथ्याला दोर पुरेना. सड्यावरचा वारा तो... टोक फडाफडा उडालं आणि पेंढा उघडा पडला.

खाडीवरचं आभाळ मातकट होत चाललं होतं. सुमेरगिरी दगड शोधत सैरावैरा धावला. हाती लागले ते मुठीएवढे खडे. ठेवले तसे वाऱ्याने लोटून दिले. रोज सकाळी लोटी घेऊन दारात उभी राहणारी पोरं त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि तो मनापासून घाबरला.

वळून बघतो तो बाबा पाराकडून येत होते. कमरेत वाकलेले, धापा टाकत. पोटाशी भैरोबा धरलेला, भगव्या छाटीला शेंदूर माखलेला. तो पाषाण त्यांनी एकट्याने कसा उचलला, कोण जाणे.

बाबांनी देवाला फडफडणाऱ्या टोकावर नेऊन बसवलं. ताडपत्री दबली.

सुमेरगिरीचे हात आपोआप जोडले गेले.

"बाबा... हा देव आहे."

बाबांनी कपाळावरचा घाम निपटला.

"मग धरेल की."