सखोपंतांची दोन मडकी

एका टेकडीच्या पायथ्याशी धामणखेड नावाचं गाव होतं आणि त्या गावात सखोपंत नावाचे एक वैद्य राहत होते. माणूस मोठा गुणी, पण भारी संशयी. कोणी म्हणालं, "या खताने मिरची जोमाने येते," की पंत मिरचीच्या एका वाफ्याला ते खत घालायचे आणि शेजारचा वाफा मुद्दाम तसाच ठेवायचे. दोन्ही वाफे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नसे. त्यांची बायको वेणूबाई म्हणायची, "नशीब माझं! लग्नाच्या वेळी दुसरी बायको शेजारी ठेवून बघितली नाहीत."

त्या राज्याच्या राजाने साठी ओलांडली. गुडघे कुरकुरू लागले, तशी त्याला तरुणपणाची फार आठवण येऊ लागली. त्याने सखोपंतांना बोलावून घेतलं.

"पंत, म्हातारपण मागे फिरवणारं औषध शोधा," राजा म्हणाला. "धामणखेडची टेकडी तुम्हाला दिली. हवी ती झाडं लावा. बारा वर्षांची मुदत. औषध सापडलं तर टेकडीखाली तुमच्या नावाचा दगड उभारीन. नाही सापडलं, तर टेकडी परत घेईन आणि वर हवामहाल बांधीन."

पंत आणि वेणूबाई टेकडीवर राहायला गेले. टेकडी तेव्हा उघडीबोडकी होती. पंतांनी खालून पाणी वाहून तिच्यावर आवळा, हिरडा, बेहडा, अर्जुन अशी झाडं लावली. वर यायला एकशेवीस पायऱ्या खोदल्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. टेकडीवरचं एकेक झाड त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं.

मुळ्या कुटता कुटता आणि काढे आटवता आटवता बारा वर्षं सरत आली. मुदतीला शंभर दिवस उरले, तेव्हा पंतांच्या मनासारखं एक औषध तयार झालं. राजाला बातमी कळली मात्र, त्याचा निरोप आला, "ताबडतोब पाठवा!" राजाचं म्हणजे पी हळद आणि हो गोरी. पण पंतांनी उलट निरोप धाडला, "आधी पारखून घेतो."

त्यांनी बारा म्हातारीकोतारी माणसं निवडली आणि वेणूबाईला दोन मडकी भरायला सांगितली. एकात औषध. दुसऱ्यात गुळाचं पाणी आणि कडू चवीला कारल्याचा रस. रंग एक, चव एक. एका मडक्याला पिवळा दोरा, दुसऱ्याला तांबडा. सहा जणांना पिवळ्यातलं द्यायचं, सहा जणांना तांबड्यातलं.

"कोणत्या मडक्यात काय आहे, ते मला सांगू नकोस," पंत म्हणाले. "मला कळलं, तर माझे डोळे त्यांना हवं तेच बघतील."

वेणूबाईने शंभर दिवस ते गुपित पोटात ठेवलं.

नियम कडक होते. रोज सूर्य उगवताना उपाशीपोटी टेकडी चढून यायचं. पंतांच्या समोर पेला रिकामा करायचा. मग औषध अंगी लागावं म्हणून घटकाभर अंगणात बसायचं आणि झोप कशी लागली, काय खाल्लं, ते सांगायचं. रात्री हलकं जेवायचं. दर दहा दिवसांनी पंत प्रत्येकाला सुईत दोरा ओवायला लावत, एका पायावर उभं करत आणि आकडे मोजत. खाली गावातली पोरं टेकडीकडे बोट दाखवून ओरडत, "बगळ्यांची शाळा भरली!"

बारा जणांत खुद्द राजाचे मामाही होते. ते म्हणाले, "मी राजाचा मामा. मी पायऱ्या चढणार नाही." त्यांचा गडी रोज पेला घरी घेऊन जायचा. पंत चरफडले. पण त्यांनी तेही आपल्या वहीत लिहून ठेवलं आणि दर दहा दिवसांनी खाली जाऊन मामांची पारख केली.

पहिल्या दिवशी चिमाई कोष्टीण वर येईपर्यंत चौदा वेळा खाली बसली होती. हात थरथरायचे, म्हणून वीस वर्षांत तिने मागाला हात लावला नव्हता. एका पायावर ती जेमतेम तीन आकडे टिकली. शंभराव्या दिवशी तीच चिमाई एका दमात वर आली, सुईत दोरा दुसऱ्याच खेपेला ओवला आणि चाळीस आकडे एका पायावर उभी राहिली. उभ्या उभ्या ती शेजारच्या म्हाताऱ्याला, "नीट उभा राहा की रे!" म्हणून दटावतही होती. बाकी जवळजवळ सगळ्यांचंही तसंच झालं. केस पांढरेच राहिले आणि पडलेले दात काही उगवले नाहीत. पण वाकलेल्या पाठी सरळ झाल्या, आणि अंगणात असा हशा उसळू लागला की झाडावरची पाखरं उडून जायची.

पंतांना आनंद आवरेना. त्यांनी वही उघडली. "वेणू, सांग आता. औषध पिवळ्यात की तांबड्यात?"

"पिवळ्यात," वेणूबाई हळूच म्हणाली. कोणत्या मडक्यातलं पिऊन कोण बरं झालंय, ते तिला केव्हाच कळलं होतं.

पंतांनी वहीवरून बोट फिरवलं, मग पहिल्या पानापासून पुन्हा एकदा फिरवलं. तांबड्याचे सहाच्या सहा जण ठणठणीत झाले होते. पिवळ्याचे पाच जण तेवढेच ठणठणीत होते आणि एक तसाच राहिला होता. औषधाने काडीचाही फरक पडला नव्हता.

"म्हंजे मी शंभर दिस कारलं प्याले?" चिमाईने डोळे मोठे केले. मग पंतांचा चेहरा पाहून ती जवळ येऊन बसली. "पंत, कुणाला सांगू नगा. झाकली मूठ सव्वा लाखाची. समदी बरी झाली, राजाला दिसतंयच की. टेकडी गेली तर तुमी कुटं जाल? अन् आमी तरी रोज सकाळच्या पारी कुटं जायचं?"

पंतांच्या मनात आलं, खरंच, गप्प बसलं तर कोणाला कळणार आहे? त्यांनी अर्जुनाच्या झाडाकडे पाहिलं. पण चिमाईचा शेवटचा प्रश्न त्यांच्या कानात घुमत राहिला. रोज सकाळी कुठं जायचं? त्यांनी झटकन वही पुन्हा उघडली. पिवळ्या मडक्याचा तो एक बरा न झालेला माणूस कोण होता? राजाचे मामा!

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पंत हात जोडून म्हणाले, "महाराज, माझं औषध लागू पडलं नाही. पिवळ्या मडक्यात खरं औषध होतं, पण तांबड्यातलं कारल्याचं पाणी प्यायलेले लोकही तेवढेच बरे झाले."



"म्हणजे मला पिवळ्यातलं खरं औषध मिळत होतं आणि तरी मी असाच?" मामासाहेब ओरडले. त्यांच्या बाबतीत सगळा पालथ्या घड्यावर पाणी असा प्रकार झाला होता. दरबाराला हसू आवरेना.

"मामासाहेब, तुमचे उपकार आहेत," पंत म्हणाले. "औषध घेऊनही पायऱ्या न चढलेले तुम्ही एकटेच. बाकीचे रोज चढत होते, चार माणसांत बसत होते, बेताने जेवत होते. गुण त्याचाच असावा. पण महाराज, हेही मी छातीठोकपणे सांगत नाही. एका माणसावरून काही ठरत नसतं. आणखी पारखावं लागेल. टेकडी मात्र ठरल्याप्रमाणे आजपासून तुमची."

राजा म्हणाला, "टेकडी माझी झाली, हे खरं. पण जो माणूस टेकडी घालवून खरं सांगतो, त्याचा 'असावा' मला इतरांच्या 'आहे'पेक्षा पक्का वाटतो. पंत, तुम्ही वरच राहा. आता शंभर दिवस माझ्यावर पारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाची पालखी टेकडीखाली आली. पंत वरून ओरडले, "पालखी खालीच ठेवा! तिचे गुडघे दुखत नाहीत!"

राजा पायऱ्या चढू लागला. सतरा वेळा बसला. मागून मामासाहेब धापा टाकत येत होते. चिमाई दोघांना ओलांडून पुढे गेली आणि वळून म्हणाली, "या सावकाश, महाराज. मी बी पयल्या दिशी चौदा येळा बसले व्हते."

शंभराव्या दिवशी अंगणात सगळे बगळे रांगेत उभे राहिले. मामासाहेब वीस आकड्यांना पडले. राजा तीस आकड्यांना डगमगला आणि त्याने चिमाईचा खांदा धरला. "सोडा महाराज, मला बी पाडाल!" चिमाई ओरडली. राजा इतका हसला, इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असं हसायला आपल्याला कितीतरी वर्षांत जमलं नव्हतं, हे तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. हवामहालाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. टेकडी त्याने पंतांना कायमची देऊन टाकली.

मग त्याने टेकडीखाली सखोपंतांच्या नावाचा दगडही उभारला. त्यावर कोरलं होतं, "सखोपंत वैद्यांचं औषध लागू पडलं नाही. वर या."

आणि लोक जाऊ लागले.

तात्पर्य: आपला शोध फसला तर तो झाकू नये, उघडपणे सांगावा, फसलेलं खरेपणाने पाहणाऱ्यालाच त्यात दडलेलं खरं उत्तर सापडतं, आणि लोक विश्वास ठेवतात तोही त्याच्यावरच.