तांबडमाळच्या घंटेचा दोर

टण्... टण्...

दगडावर लोखंड आपटल्याचा तो आवाज लाजरसबाबांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते आईच्या कडेवर होते. आवाज देवळामागच्या विहिरीपाशी होत होता. भोवती सगळी मंडळी उभी होती आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि एवढी शांतता बघून बाबांना भीती वाटली आणि ते रडू लागले. आईने पदराने त्यांचं तोंड झाकलं आणि कानाशी म्हणाली, "गप रे सोन्या. खाली माणूस हाय."

विहिरीत कोणीच नव्हतं. हे बाबांना पुष्कळ मोठं झाल्यावर कळलं.

आता बाबाच म्हातारे झाले आहेत. पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या शनिवारी तांबडमाळला पाहुणे येतात, त्यांना ते देऊळ दाखवतात. देऊळ म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर. काळ्या दगडाचं, ठेंगणं. दारावर घंटा टांगलेली आहे, ती शाळेच्या घंटेहून फार मोठी नाही. पण तिचा दोर मनगटाएवढा जाड. त्याला तीन पेड आहेत. दोन पेड अंबाडीचे आणि तिसरा सगळा रंगीबेरंगी चिंध्यांचा. पाहुणे वर बघतात, हसतात आणि हमखास विचारतात, "एवढ्याशा घंटेला एवढा दोर कशाला, बाबा?"

बाबा आधी विहिरीच्या काठावर बसतात. मग सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा माळावर ख्रिस्ती झालेली माणसं दोन वाड्यांतली होती. वरच्या वाड्यातल्यांनी आधी बाप्तिस्मा घेतला होता. खालच्या वाड्यातले दोर वळणारे, ते मागून आले. देवळात सगळे एकमेकांना बंधू म्हणत, गाणीही एकाच सुरात गात. पण बसायला तरटं दोन होती, आणि प्रभुभोजनाच्या दिवशी द्राक्षरसाचा पेला आधी वरच्या तरटावरून फिरे, मग खाली येई. असं कोणी ठरवलं नव्हतं म्हणे. देव बदलला तरी जुनी सवय पायतणासारखी माणसांबरोबर आत आली होती.

वरच्या वाड्याचे दावीदबाबा वाघचौरे मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, होते. माणूस सरळ, पण ताठ. खालच्या वाड्यात यिर्मया नावाचा दोर वळणारा होता. त्याच्या हातचा दोर बैल थकला तरी तुटत नसे असं सांगतात. एका प्रभुभोजनाला पेला यिर्मयाच्या हातात आला तो कोरडा. तो दावीदबाबांना सर्वांदेखत म्हणाला, "बाबा, तुम्ही मला भाऊ म्हणता. घरी भावाला बी असंच खरवडलेलं वाढता का?"

काहीजण हसले. ते हसणं दावीदबाबांना लागलं. ते म्हणाले, "मंडळीपुढं माफी मागशील तेव्हा आत ये."

यिर्मया उठला आणि घरी गेला. तेव्हापासून तो देवळात आला नाही, आणि देवळासाठी त्याने दोरही वळला नाही.

त्या वर्षी पाणी आटलं. गावच्या विहिरीवर या लोकांना पाय ठेवू देत नसत. म्हणून मंडळीने देवळामागे स्वतःची विहीर खणायला घेतली. दोर हवा होता. यिर्मयाकडे कोणी गेलं नाही, दावीदबाबांनी बाजारातून आणवला.

खाली उतरून खडक फोडायचं काम तीतस करायचा. हा तीतस दुष्काळात कुठून तरी चालत आलेला. बाप्तिस्मा त्याने इथेच घेतला. आईबाप नव्हते, बायको नव्हती, गाव विचारलं तर नुसता हसायचा. खालच्या वाड्यात कोणाच्या तरी पडवीत झोपायचा, वरच्या वाड्याची कामं करायचा, आणि ज्याच्या घरी भाकरी उरली असेल तिथे जेवायचा. दोन्ही वाड्यांना वाटे की तो दुसऱ्यांचा आहे.

एके दुपारी मोठा दगड वर ओढताना बाजारचा दोर तुटला. दगड खाली गेला आणि तीतसच्या पायावर बसला. दगडाच्या दणक्याने तळाचा खडक उकलला आणि फटीतून पाणी उसळलं. ज्या पाण्यासाठी मंडळीने गुडघे टेकून महिनोन्‌महिने प्रार्थना केली होती, ते पाणी आलं, आणि अडकलेल्या माणसाभोवती चढू लागलं. पायऱ्या अजून खोदलेल्या नव्हत्या. कडेचा मुरूम सुटत होता, त्यामुळे कोणाला उतरताही येईना. तीतसचा आवाज वर पोचत नव्हता. तो हातातली पहार खडकावर आपटत होता.

टण्... टण्...

यिर्मया अंगणात वाख भिजवत होता. वाख म्हणजे अंबाडीचे धागे. आवाज ऐकून त्याचा हात थांबला, पण तो उठला नाही. त्याची बायको सारूबाई धावत आली. काय झालं ते तिने सांगितलं आणि म्हणाली, "चला की."

"मला मंडळीतून काढलंय."

"तुम्हाला काढलंय. त्याला तर न्हाई ना?"

यिर्मया खाली बघत राहिला. मनात तो कोरडा पेला होता, ते हसणं होतं. पहार पुन्हा वाजली. आपण इथे बसून आवाज मोजू लागलो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली असं सांगतात. त्याने भिजलेला सगळा वाख खांद्यावर टाकला आणि तो निघाला. पाणी पाठीवरून गळत होतं.

विहिरीवर वेगळंच चाललं होतं. गावात मोटेचा दोर मागायला गेलेला माणूस हात हलवत परत आला होता. तुटक्या दोराला गाठी मारून सोडावा, तर दगडाच्या ओझ्याने तो पुन्हा तुटणार आणि मुरूम खाली ढासळणार. आणि माणसं भांडत होती.

"तुमच्या वाड्यात राहतो, तुम्ही बघा!"

"राबतो कुणाकडं? तुमच्याकडं! आमच्याकडं नुसती पाठ टेकतो!"

"आरं, निदान त्याच्या घरच्यांना तरी कळवा कोणी."

"घरचे? कोण हायत त्याला घरचे?"

तेवढ्यात खालून पहार वाजली. माणसांनी माना खाली घातल्या.

यिर्मयाने वाख जमिनीवर टाकला. "त्याच्या घरचा मी हाय," तो म्हणाला. "तुटका दोर इकडं आणा. त्याचा एक पेड, माझ्या वाखाचा एक. तिसऱ्याला काय हाय?"

तिसऱ्या पेडाला काहीच नव्हतं. तेव्हा सारूबाईने आपल्या लुगड्याचा काठ फाडला. तिचं बघून वरच्या वाड्याची एक बाई पुढे आली. मग कोणी पटका काढला, कोणी उपरणं, कोणी पोराचं झबलं. एकही घर मागे राहिलं नाही म्हणे. दोन्ही वाड्यांच्या बायका शेजारी बसून चिंध्यांना गाठी मारू लागल्या. कोणाची चिंधी कोणाच्या चिंधीला बांधली जाते आहे हे बघायला कोणाला सवड नव्हती.

पेड तयार झाले. आता तिन्ही एकत्र वळायचे. त्याला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन टोकांना दांडकं अडकवायचं आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. दोघांचा ताण सारखा असावा लागतो. एकाने ढिला सोडला की पीळ उसळून मागे फिरतो, दांडकं हातातून उडतं आणि सगळी मेहनत फुकट जाते. म्हणून जाणता माणूस सांगेल तसं दुसऱ्याला वागावं लागतं.

यिर्मयाने एक टोक धरलं. "दुसरं कोण धरतंय?"

खालच्या वाड्यातले दोघंतिघं पुढे झाले. त्याने मान हलवली. त्याची नजर दावीदबाबांवर होती.

"घरचं आणखी कोण हाय त्याला?" त्याने विचारलं.

खाली पहार वाजली, आता जरा हळू. दावीदबाबांनी अंगातला कोट काढून धुळीत टाकला आणि दुसरं टोक धरलं.

"ताण धरा," यिर्मया म्हणाला. "माझ्याकडं बघा. दोराकडं नका बघू."

त्याने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. खालचा आवाज ऐकू येत राहिला पाहिजे. माणसं उभी राहिली. दोर करकरत होता, पीळ चढत होता. दावीदबाबांच्या हातांना असल्या कामाची सवय नव्हती. तळवे सोलले, दांडकं रक्ताने निसरडं झालं. तरी त्यांनी यिर्मयाच्या डोळ्यांवरून नजर हलवली नाही. इतकी वर्षं एका देवळात बसले, पण एकमेकांच्या तोंडाकडे त्यांनी असं कधी बघितलंच नव्हतं.

टण्... मग बराच वेळ काही नाही. टण्...

आणि मग आवाज थांबला.

एक बाई हुंदका देऊन खाली बसली. दावीदबाबा ओरडले, "पुरं झालं, यिर्मया! आहे तसा सोड खाली! मरतंय पोर!"

"अर्धा पीळ तुटंल, बाबा."

"अरे, आवाज बंद झाला!"

"मला बी ऐकू येतंय," यिर्मया म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबले नव्हते. "ताण धरा. सोडलात तर ह्यो दोर बी जाईल अन् त्यो बी."

दावीदबाबांनी दात आवळले आणि ताण धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खालच्या वाड्याचा हुकूम ऐकला असेल. दोघं वळत राहिले. खाली माणूस आहे की नाही हे ठाऊक नसताना वळत राहिले. बाबा सांगताना इथे नेहमी थांबतात आणि विहिरीत बघतात.

शेवटचा पीळ बसता बसता खालून एकदाच, अगदी बारीक, वाजलं.

टण्.

दोर खाली सोडला. पाणी तीतसच्या हनुवटीला लागलं होतं, पहार वर उचलायला हातांत जोर उरला नव्हता. त्याने बुडी मारून दोर दगडाला बांधला. वर दोन्ही वाडे दोराला लागले. वरचा कोण, खालचा कोण, आगेमागे कोण, कोणी बघितलं नाही. दगड हलला. मग त्याच दोराने तीतसला वर काढलं. पाय कायमचा अधू झाला होता. काठावर पडल्या पडल्या त्याने डोळे उघडले. सगळी मंडळी वाकून बघत होती. तो म्हणाला, "पाणी गोड हाय."

लोक हसले की रडले, हे दोन्ही प्रकारे सांगतात.

दावीदबाबा उठले. सोललेले हात तसेच पुढे धरून ते यिर्मयाजवळ आले. यिर्मयाने आपल्या पटक्याची उरलेली पट्टी फाडली आणि त्यांचे तळवे बांधले. मग दोराचं वेटोळं केलं, ते दावीदबाबांच्या खांद्यावर ठेवलं आणि घरी निघून गेला.

माफी कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही. पण पुढच्या प्रभुभोजनाला यिर्मया आला. देवळात तरट एकच अंथरलेलं होतं. दावीदबाबांनी बांधलेल्या हातांनी पेला उचलला आणि आधी तीतसला दिला, मग यिर्मयाला. स्वतः सगळ्यांच्या शेवटी घेतला. तो दोर घंटेला बांधला आणि घंटा वाजवायचं काम तीतसने मरेपर्यंत केलं. तो गेला तेव्हा देवळाच्या पाळकांनी, म्हणजे पाद्र्यांनी, रीतीप्रमाणे विचारलं, घरचं कोण आहे? तेव्हा सगळी मंडळी उभी राहिली असं सांगतात.

बाबांची गोष्ट इथे संपते. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठतात, कारण तोवर अंगणात माणसं जमलेली असतात.

आजही तांबडमाळला दर वर्षी या शनिवारी घंटेचा नवा दोर वळतात. प्रत्येक घरातून थोडा वाख आणि एक चिंधी येते. पाळकसाहेब विचारतात, "खाली आहे त्याच्या घरचं कोण?" सगळे म्हणतात, "आम्ही." मंडळीत सर्वांत नवा आलेला माणूस विहिरीच्या दगडावर पहार आपटतो. तेवढा वेळ कोणी बोलत नाही. आणि टोकं धरायला त्या वर्षी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा दोघांना पुढे करतात. ते दोघं कोण, हे मंडळीला विचारावं लागत नाही.

यंदा दोघी जावा होत्या, विमलबाई आणि प्रेमलताबाई. एकीच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला दुसरीला बोलावलं नाही यावरून वर्षभर बोलणं बंद.

"मी नाही धरायची तिच्यासमोर," विमलबाई म्हणाल्या. "माझा खांदा दुखतोय."

"भांडायला बरा दुखत नव्हता," प्रेमलताबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या.

पाहुणे हसले. लाजरसबाबांनी ओठांवर बोट ठेवलं. पहार वाजली.

दोघींनी दांडकी धरली. पहिल्यांदा विमलबाई जमिनीकडे बघत होत्या, त्यामुळे ताण चुकला आणि दोर मधे लोंबला. प्रेमलताबाईंचं दांडकं गरकन फिरून बोटांवर बसलं. त्यांनी हूं केलं नाही, सोडलंही नाही. तेव्हा विमलबाईंनी मान वर केली. दोर ताठ झाला. पीळ चढू लागला, करकरू लागला. उन्हाने दोघींची तोंडं लाल झाली होती. मधेच पहार थांबली. तशी ती रीतच आहे, पण तरीही पाहुण्यांपैकी एका बाईने शेजारणीचा हात धरला. दोघी वळत राहिल्या. मग पहार एकदा वाजली.

विमलबाईंनी टोक सोडवलं. दोर गोळा करत करत त्या जावेपर्यंत चालत गेल्या. प्रेमलताबाईंचं एक बोट सुजलं होतं. विमलबाईंनी ते बघितलं, आपल्या पदराच्या टोकाची किनार दातांनी फाडली आणि बोटाला गुंडाळली. प्रेमलताबाई काहीतरी म्हणणार होत्या. विमलबाईंनी दोराचं वेटोळं त्यांच्या खांद्यावर ठेवलं, पदर डोक्यावरून सारखा केला आणि घराकडे चालू लागल्या.