महाराजांच्या टकलाचा फोटो

“कोणी चोरला माझा फोटो?” रणधवल महाराज गरजले.

इंटरनेटवर केसांच्या तेलाची जाहिरात झळकत होती. तीत महाराजांचे तुळतुळीत टक्कल आणि खाली अक्षरे : ‘तेल लावण्याआधी’!

दरबारी फोटोग्राफर भिवाने हात जोडले. “महाराज, कोपऱ्यात दरबाराचं नाव घातलं होतं. तेलवाल्या धोंडशेटनं तेवढा कोपरा कापला.”

“मग नाव मधोमध घाल!”

“मधोमध तुमचं तोंड आहे, महाराज.”

“तोंड झाकायचं नाही! उद्या नवा फोटो काढ. साऱ्या मुलखानं तो बघावा, पण फुकट कोणालाही वापरता येऊ नये. नाही जमलं तर कॅमेरा जप्त, आणि तू वेशीबाहेर!”

भिवा घरी येऊन डोके धरून बसला. लेक कौतिकाने सारे ऐकले. तिची नजर गोठ्यातल्या रिकाम्या दाव्याकडे गेली. राजवाड्याच्या फाटकावर राजमोहर ताजी रंगवलेली असताना त्यांच्या म्हशीने तिथे पाठ घासली होती. मोहर पाठीवर उमटली आणि शिपाई म्हैस घेऊन गेले. कायदाच तसा : जिच्यावर राजमोहर, ती वस्तू राजाची!

“बाबा, उठा. फोटो मी काढते.”

सकाळी तिने महाराजांच्या कपाळावर गंधाने ठसठशीत राजमोहर उठवली.

“हे कशाला गं?”

“आता मोहर कापायची तर डोकं कापावं लागेल, महाराज.”

“आणि न कापताच वापरला तर?”

“तर बरंच झालं!”

फोटो इंटरनेटवर चढला. धोंडशेटला धीर कुठला! त्याने तो उचलला आणि बाटल्याबाटल्यांवर छापला.

महाराज खवळले. “चोरलाच की! आण तो कॅमेरा!”

“आणते. आधी धोंडशेटचं कोठार ताब्यात घ्या. बाटल्यांवर मोहर कोणाची?”

“माझी.”

“मग बाटल्या कोणाच्या? आमच्या म्हशीला विचारा!”

खबर लागताच धोंडशेट दरबारात धावत आला आणि ओरडला, “महाराज, ही तर नुसती छापली गेलेली मोहर!”

“म्हशीवर तरी कोणी हातानं मारली होती?” कौतिका म्हणाली.

दरबार खदाखदा हसला. तेलाच्या गाड्या राजवाड्यात आल्या.

“पोरी, एवढ्या तेलाचं मी करू काय?”

“डोक्याला लावा, महाराज. केस उगवले तर उत्तम. नाही उगवले तर पुन्हा फोटो काढू. खाली लिहू, ‘तेल लावल्यानंतर’!”

महाराज हसता हसता सिंहासनावरून घसरले. दरबारी फोटोग्राफरचे पद त्यांनी कौतिकाला दिले, भिवाला नवा कॅमेरा दिला आणि म्हैस परत केली.

फाटकातून बाहेर पडण्याआधी कौतिकाने म्हशीची पाठ घासघासून धुतली.