हजार विशेषणांचा राजा

एका राज्यात एक राजा होता. कसा होता, असं विचाराल तर खबरदार! त्या 'कसा'नेच सगळा घोटाळा केला. सांगते, ऐका.

राजाला हौस होती बिरुदांची. तो दरबारात पाऊल टाकणार, तोच सुभानजी चोपदार हातातली काठी आपटून ललकारी देई, "शूर, उदार, तेजस्वी, न्यायी महाराज येत आहेत हो!" दरबार उठून उभा राही. राजाची छाती फुगे. पण चार विशेषणांनी त्याचं पोट भरेना. शेजारच्या राजाला सोळा होती म्हणे. झालं, याची झोप उडाली.

एके दिवशी वैखर नावाचा मांत्रिक दरबारात आला.

"महाराज, या राज्यात जेवढी विशेषणं आहेत, तेवढी तुम्हाला देतो. एकही बाहेर राहायचं नाही."

"मोबदला काय?"

"तुमचं नाव."

राजा खदखदा हसला. त्या नावाची त्याला जन्माची लाज. लहानपणी मामेभाऊ त्यावरून चिडवीत आणि हा उशीत तोंड खुपसून रडे. "घेऊन जा," तो म्हणाला, "ब्याद टळली!"

वैखराने नाव उचललं, झोळीत टाकलं नि तो चालता झाला. नाव गेलं तसं सगळ्यांच्या आठवणीतूनही पुसलं गेलं. राजाच्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गूळ होता, पण गोड नव्हता. दूध होतं, पांढरं नव्हतं. मिरची लाल नव्हती नि तिखटही नव्हती. पाण्यात बोट घातलं तर ते गार की ऊन, काही कळेना. आणि दरबारात सुभानजी ललकारी देत होता, "शूर, उदार, खमंग, हिरवेगार, मऊसूत, आंबटगोड महाराज येत आहेत हो!" हसायची प्राज्ञा कुणाची? राजाचा हुकूमच होता, एक विशेषण गाळेल त्याचं डोकं उडेल.

तुम्ही हसताय, हसा. पुढचं ऐकून हसू पळेल.

विशेषणाला टेकायला नाव लागतं. राजाला तर नावच उरलं नव्हतं. मग ती जायची कुठे? जो उच्चारील त्याच्याच मानेवर ती बसू लागली. रोज पंधरा नवी. महिन्याभरात सुभानजी वाकला, दोन महिन्यांत त्याचं कपाळ गुडघ्याला लागलं. वैद्याने नाडी पाहिली आणि त्याच्या बायकोला, सगुणेला, बाजूला घेऊन सांगितलं, "दसऱ्याच्या दरबारात हजारच्या हजार म्हणायची आहेत. मान मोडेल, बाई. वाचायचे नाहीत."

सगुणा घरी येऊन नवऱ्यापुढे बसली. "अहो, महाराजांना सांगा ना."

"सांगितलं. म्हणाले, दुसरा चोपदार नेमू."

"मग नेमू देत की!"

"अगं, त्याची मान काय लाकडाची असेल? त्याच्याही घरी कुणी असेलच. मीच म्हणेन."

सगुणेला त्याचा राग आला, आणि त्याच रागात तिला रडूही आलं. एवढ्यात कौलावरची साळुंकी बोलली. त्या राज्यात साळुंक्या बोलतच, त्यात नवल नाही. "रडतेस काय? राजाचं नाव आण, ओझं उतरेल. वैखराच्या डोंगरात तीन दारं आहेत. चल, वाट दाखवते."

सगुणेने पदर खोचला नि ती निघाली. साळुंकी पुढे, ती मागे.

पहिलं दार नामाचं. दारापुढे तीन गाडगी, तिन्हींत काहीतरी पातळ. रंग नाही, चव नाही, वास नाही. दार बोललं, "एकात पाणी, एकात तेल, एकात दूध. कशाचं नाव कोणतं ते सांग."

पंडित असता तर तिथेच गोंधळून बसला असता. सगुणा चुलीशी जन्म काढलेली. तिने पदराचे धागे ओढून तीन वाती वळल्या, एकेका गाडग्यात भिजवल्या नि पेटवल्या. एक जळत राहिली. "हे तेल." उरलेली दोन तिने तीन दगडांची चूल पेटवून तिच्यावर चढवली. एक भसकन उतू गेलं. "हे दूध. राहिलं ते पाणी." दार उघडलं.

दुसरं दार सर्वनामाचं. ते म्हणालं, "कुणासाठी आलीस ते सांग. पण नाव घ्यायचं नाही, आणि माणूस नेमका कोण ते मला कळलं पाहिजे."

"ह्यांच्यासाठी," सगुणा म्हणाली.

"ह्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

"इश्श! ह्यांच्या म्हणजे ह्यांच्या! आणखी कुणाच्या?"

दार हसलं, बिजागऱ्या करकरल्या. "कळलं, बाई, कळलं. जा आत."

तिसरं दार क्रियापदाचं. तिथे प्रश्नच नव्हता. सगुणा आपणहून सांगू लागली, "मी नाव नेईन, ह्यांना सोडवीन, राजाला बजावीन..." दार ढिम्म हललं नाही. साळुंकी ओरडली, "बये, त्याला बोलणं कळत नाही. ढकल!" सगुणेने खांदा लावला. सकाळपासून दुपारपर्यंत ती ढकलत राहिली. खांदा सोलपटला, टाचा रक्तबंबाळ झाल्या. माथ्यावर ऊन आलं तेव्हा दार माणूस जाईल इतकं सरकलं.

आत पेटी होती आणि पेटीपाशी वैखर. तो उठलासुद्धा नाही.

"घे," तो म्हणाला. "नाव घ्यायला कुणी येतं का, तेच पाहत बसलो होतो. पण ऐक. या नावाने भरदरबारात हाक मारावी लागेल, आणि राजाने ओ द्यावी लागेल. त्याने ओ दिली नाही तर तुझं डोकं जाईल."

"आणि हाकच मारली नाही तर?"

"तर तुझ्या नवऱ्याची मान जाईल."

सगुणेने पेटी उघडली. जुन्या दुपट्यात गुंडाळलेलं एक नाव होतं. तिने ते कानाशी धरलं. आतून एका बाईचा आवाज येत होता, हे नाव का ठेवलं ते सांगत होता. तो ऐकून सगुणेने दुपटं छातीशी धरलं. मग डोळे पुसून ती पळत सुटली, कारण दसरा दुसऱ्याच दिवशी होता.

ती पोचली तेव्हा दरबार भरला होता. सुभानजी जमिनीला नाक टेकून म्हणत होता, "नऊशे नव्वदावं, भव्य. नऊशे एक्याण्णवावं, नाजूक..." शब्दागणिक त्याला धाप लागत होती. राजा डोळे मिटून ऐकत होता.

सगुणेने हाक मारली, "केरू!"

राजाचे डोळे उघडले. त्याने तलवार उपसली नि तो पायऱ्या उतरून आला.

"कोण केरू?"

"तुम्ही."

"राजाला केर म्हणतेस?"

"मी नाही, तुमच्या आईने म्हटलं. पाच लेकरं पाळण्यातून गेली, महाराज. सहावं झालं तेव्हा तिने ते केराच्या ढिगावर ठेवलं आणि परक्यासारखं उचलून आणलं. चांगलं नाव ठेवलं तर मरण ते ऐकेल, या भीतीने केरू म्हणाली. जगात तिला तुमच्याहून मोलाचं काही नव्हतं, म्हणून हे नाव. हे घ्या, तीच बोलतेय."

तिने दुपटं पुढे केलं. राजाने ते उलगडलं. बाईचा आवाज दरबारभर ऐकू आला, दमलेला, घाबरलेला, लाडाचा: "केरू! अरे ए केरू! जागा आहेस ना रे, बाळा?"

राजाची तलवार फरशीवर पडली. पण लाज सोडेना. मागे सुभानजीला शब्द फुटत नव्हता, नुसती घरघर लागली होती. राजाने त्याच्याकडे पाहिलं, मग दुपट्याकडे. आणि भरदरबारात, मामेभाऊ समोर बसलेले असताना, तो मोठ्याने म्हणाला, "ओ, आई!"

त्यासरशी विशेषणं सुटली. पहाटे पाखरांचे थवे उठतात तशी सुभानजीच्या मानेवरून उठली नि राज्यभर पांगली. गोड गुळात गेलं, पांढरं दुधात, हिरवंगार रानात. मामेभावांच्या हातातल्या आपट्याच्या पानांना रंग चढला. सुभानजी उभा राहिला, ताठ. सगुणेने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तिथेच सर्वांदेखत हमसून हमसून रडली.

राजा पायरीवरच बसला होता. प्रधान पुढे झाला, "महाराज, आपल्यापाशी आता एकही विशेषण उरलं नाही. ललकारी काय द्यायची?"

"नाव आहे ना? तेवढंच द्या," राजा म्हणाला. मग सगुणेकडे वळला. दुपटं आता गप्प झालं होतं. ओ मिळाल्यावर हाकेचं काम संपतं. "बाई, मला आता त्या नावाने हाक मारणारं कुणी राहिलं नाही. तुम्ही आणखी एकदा मारता का?"

सगुणेने डोळे पुसले. "केरू," ती म्हणाली, "चल, जेवायला चल."

आणि राजा उठला.

त्याच्या राज्याची इडापिडा जशी टळली, तशी ऐकणाऱ्यांची टळो, सांगणारीचीही टळो.