खारीची जागा

कुरणगावात बाबूशेठ तोडकर नावाचे एक व्यापारी राहत. त्यांच्या वडिलांनी कॅरमबोर्डांचा कारखाना काढला होता. पुढे कॅरमचा खप ओसरला, तेव्हा बाबूशेठनी त्याच छपराखाली व्हिडिओ गेम बनवायला सुरुवात केली. गावाने नाकं मुरडली. पण गेम बरे चालले, आणि ते चालले याचं मुख्य कारण म्हणजे कुमुदताई दाभाडे.

कुमुदताई आधी शाळेत गणित शिकवत. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि या कामात पडल्या. त्यांचे यजमान दिगंबर याच कारखान्यात कॅरमबोर्डांना पॉलिश करायचे. सगळे त्यांना दिगूभाऊ म्हणत. दिगूभाऊ स्वतः कधी खेळत नसत. जेवणाच्या सुट्टीत कामगारांनी डाव मांडला की ते खेळणाऱ्याच्या मागे उभे राहत आणि सल्ला देत. “अरे तिकडे नको, इकडे मार, इकडे!” सल्ला हमखास चुकायचा. सोंगटी जागेवर राहायची आणि स्ट्रायकर भोकात जायचा. तरी दिगूभाऊ रजेवर असले की डावाला रंग चढत नसे.

तीन वर्षं खपून कुमुदताईंनी एक मोठा गेम तयार केला. त्याचं नाव ‘आमराई’. टीव्हीला जोडायचा आणि घरच्या सगळ्यांनी मिळून खेळायचा. चार माकडं, झाडावर आंबे, खाली काठी घेतलेला राखणदार. चौघांनी संगनमताने आंबे उतरवायचे. शिवाय पाचवी एक खार होती. मुलांच्या खेळात सगळ्यांत लहान पोराला ‘कच्चं लिंबू’ म्हणून घेतात. ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात असतं. कुमुदताईंनी ही रीत गेममध्ये आणली. राखणदार खारीला कधीच पकडत नाही. खार एका बटणावर चालते. तिने पाडलेला आंबाही सगळ्यांच्या टोपलीत पडतो. ज्याला दुसरं काही जमत नाही, त्याच्या हाती खार द्यायची. आणि ती कुणाच्या हाती असली की मधूनमधून बोलते, इतरांना सल्ले देते. तेही चुकीचे.

खारीचा आवाज दिगूभाऊंचा होता, जरा बारीक केलेला. एका रविवारी दोघांनी स्वयंपाकघराचं दार लावून तो भरला होता. कुकरच्या शिट्टीने तीनदा घोटाळा केला होता. कारखान्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. गेम बाहेर आला की सांगू, असं दिगूभाऊंनी ठरवलं होतं. त्याआधीच ते गेले. चौदाव्या दिवशी कुमुदताई कामावर आल्या आणि राखणदाराची काठी नीट करायला बसल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबूशेठ शहरातल्या एका प्रदर्शनाला गेले आणि येताना एक काळा खोका घेऊन आले. डोळ्यांवर बांधायचा तो चष्मा. बांधला की माणूस जिथे आहे तिथे राहतच नाही, दुसऱ्याच जगात जातो.

“कुमुदताई, घाला. घालून तर बघा.”

कुमुदताईंनी घातला. चहूकडे झाडी होती. वर पाहिलं तर फांदी, मागे वळलं तरी फांदीच. हात उंचावला की पान हाताशी येत होतं.

“छान आहे,” त्या म्हणाल्या, कारण ते खरंच छान होतं. पुढे त्या आणखी काही सांगणार होत्या. पण ‘छान’च्या पुढचं ऐकायला शेठ थांबलेच नाहीत.

“मग ठरलं! ‘आमराई’ फक्त चष्म्यातच काढायची. टीव्हीवर नाही.”

“फक्त कशाला? चष्म्यातही काढू. टीव्हीवरही राहू दे.”

शेठचा पुतण्या यशोधन विक्रीचं काम बघायचा. तो हसला. “ताई, टीव्हीवर मिळाली तर चष्मा कोण घेईल? दार एकच ठेवलं की माणूस त्याच दारातून आत येतो.”

“नाहीतर घरी जातो,” कुमुदताई म्हणाल्या.

तिथून जी बाचाबाची सुरू झाली, ती आठ महिने चालली. दर सोमवारी बैठक. दर सोमवारी चहा, तीच बिस्किटं आणि तेच बोलणं.

“अहो, चष्म्यात माणूस पूर्ण बुडून जातो,” शेठ म्हणायचे.

“बुडालेल्या माणसाला बाहेर काढतात, शेठ.”

“तुम्हाला नवं म्हणून नको असतं.”

“मी शेहेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकले. नव्याचं मला सांगू नका. मला एवढंच सांगा, घरात माणसं सात आणि चष्मे दोन. मग?”

“पाळीपाळीने,” यशोधन म्हणाला.

“आणि पाळी नसलेल्यांनी काय करायचं?”

“वाट बघायची.”

“वाट बघायचा गेम मी बनवलेला नाही,” कुमुदताई म्हणाल्या आणि बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. निदान त्याचं तोंड तेवढा वेळ बंद राहील, अशी त्यांना आशा होती. तीही फोल ठरली.

शेवटी एका सोमवारी शेठनी हुकूम सोडला. चष्म्यात पाचव्याची सोय होत नाही, तेव्हा खार काढून टाका. आणि टीव्हीवरचा गेम पुसून टाका. तो बाहेर फुटला तर सगळं मुसळ केरात.

कुमुदताईंनी दिगूभाऊंचं नाव काढलं असतं, तर शेठ जागच्या जागी विरघळले असते. ते मनाने वाईट नव्हते. दिगूभाऊंच्या दहाव्याला नदीवर अनवाणी आले होते. हे कुमुदताईंना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या “बरं” म्हणाल्या आणि उठल्या. चष्म्यातल्या आमराईतून त्यांनी खार काढली. काम इतकं सफाईने केलं की तिथे खार होती हे कुणाला कळलंही नसतं. त्या सफाईचाच त्यांना राग आला. टीव्हीवरचा गेम मात्र त्यांनी पुसला नाही. रोज संध्याकाळी पुसायला म्हणून बसायच्या, आणि रोज त्यांना दुसरं काहीतरी काम आठवायचं.

गेमची पाच हजार खोकी छापून झाली. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी शेठच्या आईंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांना सगळं गाव मोठ्या आई म्हणे. लेकी, जावई, सुना, नातवंडं असे सगळे जमले होते. दुपारी जेवणं झाली. शेठनी जाहीर केलं, “आता ‘आमराई’चा पहिला डाव आपल्या घरात!” आणि चष्मे बांधून द्यायला कुमुदताईंना बोलावणं गेलं.

कुमुदताईंनी आत पाऊल टाकलं आणि डोकी मोजली. माणसं अकरा, चष्मे चार. त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले.

पहिला मान मोठ्या आईंचा. त्यांनी आपला चष्मा काढून ठेवायला साफ नकार दिला. “हा काढला तर मला तुमचा तो चष्मासुद्धा दिसायचा नाही,” त्या म्हणाल्या. मग शेठची पाच वर्षांची नात रेवा पुढे आली. पट्टे आवळून आवळून संपले, तरी खोका तिच्या नाकावरून गळ्यात उतरला. शिवाय खोक्यावर लिहिलेलंच होतं, लहान मुलांना देऊ नये. “तू मोठी झालीस की हं,” शेठ म्हणाले. रेवा पणजीशेजारी जाऊन बसली.

शेवटी शेठ, त्यांचा मुलगा, सून आणि यशोधन असे चौघे चष्मे बांधून उभे राहिले. डाव सुरू झाला. चौघेही हवेत हात मारू लागले. बाकीचे सात जण थोडा वेळ कौतुकाने बघत होते. पण बघायचं तरी काय? टीव्ही काळाठिक्कर. चार माणसं भिंतीकडे तोंड करून नाचताहेत. “काय दिसतंय गं?” शेठच्या धाकट्या लेकीने वहिनीला विचारलं. कानही झाकलेले, उत्तर कुठून येणार! ती उठून भांडी विसळायला गेली. एका जावयाने मोबाइल काढला, दुसऱ्याने डोळे मिटले. तेवढ्यात यशोधनने आंबा तोडायला म्हणून जोरात हात फिरवला आणि काकांची टोपी उडवली.

टोपीचं शेठना काही वाटलं नसतं. पण त्यांना गरगरायला लागलं होतं. फांदी वर जात होती आणि जेवणातला श्रीखंडाचा घास तिच्यामागोमाग निघाला होता. त्यांनी घाईघाईने चष्मा काढला आणि घाम पुसत दिवाणावर येऊन बसले. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला नात.

समोर मुलगा खो-खो हसत होता.

“काय झालं रे? कशाला हसतोयस?” शेठनी विचारलं.

उत्तर नाही.

“अरे, कुणी पकडलं का? आंबा पडला का?”

आता सूनही हसायला लागली. यशोधनने टाळी मारली, तीही हवेत. शेठ एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिले. घर त्यांचं, गेम त्यांचा, माणसंही त्यांचीच. पण काय चाललंय हे सांगायलासुद्धा त्यांच्याकडे कुणी वळत नव्हतं.

रेवाने त्यांची बाही ओढली. “आजोबा, आपण कच्चं लिंबू आहोत का?”

शेठच्या आधी मोठ्या आई बोलल्या.

“नाही गं बाळे. कच्चं लिंबू खेळात असतं.”

कुमुदताई दाराशी उभ्या होत्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण पहिल्यांदा त्यांना संताप आला. आठ महिने! तेहेतीस सोमवार घसा कोरडा केला, आणि म्हातारीने एका वाक्यात काम उरकलं.

मग शेठनी विचारलं, “कुमुदताई, टीव्हीवरचा तो गेम. पुसलात?”

“नाही.”

“मी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत.”

“मग?”

“हात झाला नाही.”

एरवी शेठ कडाडले असते. आता ते म्हणाले, “लावा तो.”

कुमुदताई तो पिशवीतच घेऊन हिंडत; त्यांनी तो काढला आणि टीव्हीला जोडला. आमराई पडद्यावर आली, तशी विसळलेली भांडी तशीच टाकून धाकटी लेक बाहेर आली. डुलकी घेणारा जावई जागा झाला आणि जागा होताच आपलं माकड कोणतं ते विचारू लागला. गलक्यात कुणाचा तरी धक्का लागला, तसा यशोधननेही चष्मा काढला.

“हे काय? म्हणजे आठ महिन्यांची मेहनत पाण्यात? चष्मा टाकून द्यायचा?”

“टाकायचा कशाला?” कुमुदताई म्हणाल्या. “ज्याला डोकवायचं त्याने डोकवावं की. खिडकी चांगलीच असते रे. पण खिडकी बसवली म्हणून कुणी दार विटांनी बुजवतं का?”

“यशोधन,” शेठ म्हणाले, “उद्याच्या गाड्या थांबव.”

“काका, पाच हजार खोकी छापलीत!”

“पुन्हा छापू. चूक माझी आहे, खोक्यांची नाही.”

डाव रंगला. रेवाने खार पणजीच्या हाती दिली आणि बटण दाखवलं. मोठ्या आईंनी ते अंगठ्याने दाबलं. खार टुणकन फांदीवर चढली, जरा खाकरली आणि बोलली, “अरे तिकडे नको, इकडे मार, इकडे!”

जावयाच्या माकडाने इकडे उडी मारली. आंबा तिकडे होता. सगळे ओरडले.

शेठ मात्र उभे राहिले होते. ते खाकरणं त्यांनी पंचवीस वर्षं ऐकलं होतं. खार पुन्हा बोलली. ते कुमुदताईंकडे आले आणि हळूच म्हणाले, “हा दिगूचा आवाज.”

“हो.”

“आणि हा तुम्ही माझ्या सांगण्यावरून काढलात?”

“चष्म्यातून काढला.”

“अहो, एक शब्द बोलायचा होतात. एक शब्द! मी तेव्हाच...”

“म्हणूनच नाही बोलले,” कुमुदताई म्हणाल्या. “माझ्याकडे बघून तुम्ही खार ठेवली असतीत, शेठ. तिला हातात धरणाऱ्यांसाठी टीव्हीचा पडदा ठेवला नसतात.”

शेठनी खाली पडलेली टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. मग ते आईच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांना राहवेना.

“आई, तिकडे नको. इकडे, इकडे!”

मोठ्या आईंनी इकडे उडी मारली. आंबा हुकला.

तात्पर्य: खेळ सगळ्या घरासाठी करायचा, तर त्यात पहिली जागा घरातल्या सगळ्यांत कच्च्या गड्याची राखावी. नवी वाट जरूर काढावी. पण तिच्यावरून ज्यांना चालता येत नाही, त्यांची जुनी वाट बंद करू नये.