गुणाजीचं टिकाऊ गिऱ्हाईक

माळेवाडीच्या बाजारपेठेत गुणाजी नावाचा एक भोळा जीव राहायचा. आठ दिवसांनी, त्याच्या मनात भरलेल्या शेवंताचे वडील, दौलतमामा, त्याला बघायला येणार होते. निरोप स्वच्छ होता : पोरगा धंद्याला लागलेला दिसला, तर शेवंता देतो.

बाजारात गुणाजीची एक खोली होती. तिथे त्याने चहाचं दुकान टाकलं. चहा गार होऊ नये म्हणून दार-खिडक्या लावल्या आणि आत बसून राहिला. दिवसभर कुणी आलं नाही.

त्याची चंद्राआत्या म्हणाली, "अरे शहाण्या, जागेवर धंदा असतो. दुकान कसं उघड्यावर, उजेडात मांडावं. जाणाऱ्याला माल दिसला पाहिजे."

"बरं, आत्या."

मग त्याने बर्फाचे गोळे विकायचं ठरवलं. अख्खी लादी भर उन्हात रस्त्याकडेला मांडली. सगळ्यांना दिसली. दुपारी नुसती ओल दिसली.

"गुण्या, अंधारात ठेवायचं, भुशात पुरायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं."

"बरं, आत्या."

मग दाढीचं दुकान काढलं. पहिले आले पोलीस पाटील. गुणाजीने दार लावलं, त्यांना गळ्यापर्यंत भुशात पुरलं, डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि अंधारात वस्तरा चालवला. अर्धी मिशी गेल्यावर पाटील उठले, ते चावडीपर्यंत भुसा सांडत गेले.

आत्याने कपाळाला हात लावला. "जागा अशी हवी, की बसलेल्याला उठावंसं वाटू नये. आणि गिऱ्हाईक मधेच उठवायचं नाही."

"बरं, आत्या."

बाजारात लोकांची खरी अडचण कशाची, ते गुणाजीने हेरलं आणि खोलीत पैसे देऊन वापरायचा संडास काढला. बैठकीला मऊ गादी. वर पंखा. हाताशी पेपर आणि विड्याची पानं.

आठव्या दिवशी दौलतमामा आले. चार तास एसटीत बसून, पोट धरून.

"पोरा, आधी ते दार उघड."

"आत गिऱ्हाईक आहे, मामा. जुने हेडमास्तर. सकाळी सातला बसलेत. आता दुसरा पेपर चाललाय."

मामांनी पायावर पाय दाबला. "जावईबापू, उठवा त्यांना. शेवंता दिली. शब्द देतो."

गुणाजीला शेवंता हवी होती. फार हवी होती. त्याने दाराकडे बघितलं. आतून पान उलटल्याचा आवाज आला.

"नाही जमायचं, मामा. मधेच उठवत नाही आम्ही."

मामा ओढ्याकडे पळाले, ते तिकडूनच आपल्या गावी गेले.

संध्याकाळी गुणाजी छाती फुगवून म्हणाला, "आत्या, सासरा गेला, पण गिऱ्हाईक हललं नाही."