बोकडाने जपलेली औषधे

एका उघड्याबोडक्या डोंगरावर चौदा शेळ्यांचा कळप राहत असे. कळपाचा कारभार एका म्हाताऱ्या बोकडाकडे होता. शेळ्या सकाळी उतारावर चरत, दुपारी कड्याखालच्या कपारीत बसून रवंथ करत आणि सूर्य मावळण्याआधी कडा चढून वरच्या सपाटीवर जात. कडा सरळसोट होता. शेळीला तो चढता येई, लांडग्याला येत नसे. मुलांनो, एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. त्या डोंगरावर ज्याचे चार पाय धड, तोच जिवंत.

आदल्या वर्षी कळपातल्या तीन शेळ्या गेल्या. एक पोट फुगून गेली, एक जखम चिघळून आणि एक विताना. तिन्ही वेळा जवळ औषध नव्हते. तेव्हा सगळ्यांनी ठरवले की कळपाची स्वतःची औषधांची पिशवी हवी. कोणी वाडीतल्या वाळवणावरून हळकुंडे पळवली आणि पाठीवर काठी खाल्ली. भुऱ्या रंगाच्या एका म्हाताऱ्या शेळीने धनगराच्या सोडलेल्या तळावरून करंजाच्या तेलाची तुंबडी आणली. सगळे तिला भुरी म्हणत. कोणी ओवा आणला, कोणी कुंपणावरच्या चिंध्या ओढून आणल्या. कावळ्याने देवळाच्या पायरीवरून कापराची पुडी आणून दिली. तीन महिने खपून पिशवी भरली आणि ती बोकडाच्या ताब्यात दिली.

बोकडाने तिचे तोंड घायपाताच्या दोराने आवळून बांधले. पिशवी कपारीत टांगली आणि तो रोज तिच्याखालीच बसू लागला. पाणवठ्यावर दुसऱ्या डोंगराचा बोकड भेटला की तो मुद्दाम विषय काढी.

"तुमच्याकडे औषध काय आहे? काही नाही. आमच्याकडे पिशवी आहे. गच्च भरलेली. वर्ष होत आलं, गाठ सुटलेली नाही."

गाठ सुटलेली नाही याचा त्याला फार अभिमान होता. एकीचे डोळे आले, तिला त्याने परत पाठवले. एकीचे शिंग मुळाशी खरचटले, तिलाही पाठवले. दोघी आपोआप बऱ्या झाल्या. मग तर बोकडाची खात्रीच पटली की आपला कारभार चोख आहे.

पावसाळा सरत आला होता. माश्या फार झाल्या होत्या. एके दुपारी कळपातली बांडी लंगडत बोकडासमोर आली. बांडी म्हणजे काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेली शेळी. ती गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

"आबा, खुरांच्या बेचक्यात बाभळीचा काटा मोडला होता. काढला, पण जखम राहिली. चिमूटभर हळद आणि थेंबभर तेल द्या."

बोकडाने पाय पाहिलासुद्धा नाही. "काटा रोज कोणाला तरी लागतो."

"माश्या बसतायत हो तिच्यावर."

"मग शेपूट कशाला दिलंय देवाने?"

"आबा, आपलं शेपूट बोटभर. ते खुरापर्यंत पोचतं होय?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. ते हसणे बोकडाला झोंबले.

"आज तुला दिलं की उद्या तेरा जणी रांग लावतील," तो गुरगुरला. "आणि खरंच कोणाच्या जिवावर बेतलं तर काय, तिला रिकामी पिशवी हुंगायला देऊ? चाटून घे. बरी होईल."

भुरी कोपऱ्यातून म्हणाली, "अहो, जिवावर बेतायच्या आधीच द्यायचं असतं ते."

"तू गप. कारभार माझ्याकडे आहे."

बांडीने पुन्हा मागितले नाही. मान ताठ ठेवून ती तीन पायांवर निघून गेली. पोट एवढे मोठे झालेले, की चाटायला मान वळवली तरी तिची जीभ मागच्या खुरापर्यंत पोचत नव्हती. हे सगळ्या शेळ्यांना दिसत होते. बोकडालाही दिसत होते.

चार दिवस गेले. संध्याकाळी कडा चढताना बांडी मागे राहू लागली. चौथ्या दिवशी ती वर पोचली तेव्हा इतर शेळ्यांचे रवंथ निम्मे झाले होते. बोकडाने पाहिले आणि मान फिरवली. "जड झाली आहे, म्हणून," असे त्याने स्वतःला सांगितले.

पाचव्या दिवशी भर दुपारी कावळा आला. कपारीच्या तोंडाशी बसला तो धापा टाकतच.

"आबा, लांडगा आलाय. ओढ्याच्या वळणावर करवंदीच्या जाळीत निजलाय. पलीकडच्या डोंगरावरची एक त्याने परवा नेली."

"निजू दे. तो उठेपर्यंत आम्ही वर असू."

"सगळ्या?" कावळ्याने विचारले.

बोकडाने त्याच्या नजरेमागे नजर नेली. बांडी कपारीच्या टोकाला आडवी पडली होती. तिच्या मागच्या पायाभोवती माश्यांचे मोहोळ घोंगावत होते. आता मात्र तो उठला. जवळ गेला आणि त्याने पहिल्यांदा ती जखम पाहिली. खुराची बेचकी फाटून उघडी पडली होती आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. अंग तापलेले.

"ऊठ बघू," तो म्हणाला.

बांडी उठली, पाय टेकला आणि कोसळली.

"मला इथवर वास येतो," कावळा हळूच म्हणाला. "त्याला येणार नाही?"

संध्याकाळपर्यंत बांडी वर गेली तर बांडी आणि तिच्या पोटातले वाचणार होते. नाही गेली तर नाही.

"घाबरू नका," बोकड म्हणाला. "पिशवी आहे." त्याचा आवाज अजून ठाम होता. त्याने पिशवी खाली ओढली. गाठ पावसाने फुगून दगडासारखी झाली होती. दातांनी सोडता सोडता त्याच्या हिरड्यांतून रक्त आले. अखेर गाठ सुटली आणि सगळ्या शेळ्या माना पुढे करून उभ्या राहिल्या.

हळकुंडे वर आली ती हलकी लागली. त्याने एक फोडले. आत पिवळा भुसा आणि किडे. ओवा बुरसून त्याचा गोळा झाला होता. तुंबडी तडकली होती आणि तिच्या तळाशी तेलाचा नुसता डिंक उरला होता. चिंध्या उंदरांनी कुरतडून त्यांत पिल्ले घातली होती. शेवटी कापराची पुडी निघाली. बोकडाने ती जपून उलगडली. कागद तेवढा होता. आत काही नव्हते.

"कापूर कोणी चोरला?" तो गरजला. "मी इथून हललो नाही! कोणी चोरला?"

"कोणी नाही, आबा," कावळा म्हणाला. "मीच आणला होता, मला ठाऊक आहे. कापूर नुसता ठेवला की उडून जातो. त्याला चोर लागत नाही."

बोकड त्या रिकाम्या कागदाकडे पाहत राहिला. वर्षभर तो ज्याच्याखाली बसला होता, ती पिशवी कधीच संपली होती. ती भरलेली असताना बांडी आली असती तरी त्याने दिले नसते. ही गोष्ट त्याला त्या क्षणी कळली, आणि ती कोणी सांगायची गरज पडली नाही.

भुरी पुढे आली. "ओरडायला वेळ नाही. ओढ्याकाठी सीताफळीचं झाड आहे. तिचा पाला वाटून भरला की जखमेतले किडे मरतात. माझ्या आईने केलेलं मी पाहिलंय."

"सीताफळीला शेळी तोंड लावत नाही," एकजण म्हणाली. "कडू जहर पाला तो."

"गिळायचा कोणी सांगितलाय? चावून लगदा करायचा. पण झाड वळणावर आहे. करवंदीच्या जाळीपासून दहा पावलांवर."

शेळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. बोकड म्हणाला, "कारभार माझ्याकडे आहे," आणि निघाला.

उतारावर त्याने एकही दगड निसटू दिला नाही. कावळा वर घिरट्या घालत होता. लांडगा उठला तर एकदा ओरडायचे, असे ठरले होते. ओढ्याला पाणी कमी होते. जाळीत राखाडी पाठ दिसत होती, श्वासाबरोबर वरखाली होणारी. बोकडाने सीताफळीची फांदी तोंडात धरली आणि पाला ओरबाडला. कडवटपणा जिभेपासून कानापर्यंत गेला. त्याने दुसरा घास ओढला आणि फांदी काडकन मोडली.

राखाडी पाठीपलीकडे एक कान उभा राहिला.

बोकड उभ्या जागी थिजला. तोंड पाल्याने भरलेले, लाळ गळते आहे, डोळ्यांतून पाणी येते आहे आणि थुंकायची सोय नाही. कान इकडे वळला, तिकडे वळला. मग एक माशी आली. लांडग्याने डोके झटकले आणि पुन्हा पंजांवर टेकले. बोकड मागच्या पावली सरकत निघाला. वळण ओलांडले तेव्हा त्याने चावायला सुरुवात केली आणि कपारीत पोचेपर्यंत तो चावतच राहिला. पोचला तेव्हा त्याची जीभ बधिर झाली होती.

त्याने लगदा जखमेत भरला. बांडी किंचाळली, पण तिने पाय मागे घेतला नाही. थोड्या वेळाने अळ्या तडफडत बाहेर पडू लागल्या. भुरीने वर पळसाचे पान ठेवले. बांधायला चिंधी नव्हती. पिशवीतली एकच वस्तू कामाची निघाली, तिचे तोंड बांधलेला दोर. त्याच दोराने पान बांधले.

बांडीचे कण्हणे थांबले आणि तिचा पहिला शांत श्वास सगळ्यांनी ऐकला. पण पाय टेकवेना. औषधाला वेळ लागतो. लांडग्याला लागत नाही.

ऊन कलले. "वर चला," बोकडाने कळपाला सांगितले. "बांडी, तूही."

"आबा, मला राहू द्या. माझ्यापायी तुम्ही नका..."

"तुला विचारलं नाही. चल."

शेळ्या वर गेल्या. बांडी तीन पायांवर पहिल्या टप्प्यावर चढली. बोकड तिच्या मागे होता, डोके तिच्या मांडीखाली घालून तिला वर रेटत. दुसऱ्या टप्प्यावर तिचा पाय घसरला आणि तिचा सगळा भार त्याच्या मानेवर आला. तेवढ्यात कावळा ओरडला. एकदाच.

लांडगा धावत आला नाही. तो चालत आला, घाई नसल्यासारखा. कड्याच्या पायथ्याशी आला, बसला, त्याने अंतर मापले आणि उडी मारली. त्याचे दात बोकडाच्या मागच्या पायात रुतले.

वरून शेळ्या ओरडल्या, "आबा, पाय झाडा! शिंगं द्या!"

शिंगे द्यायची तर डोके काढावे लागणार होते. डोके काढले असते तर बांडी खाली गेली असती. बोकडाने डोके काढले नाही. मांडीपासून खुरापर्यंत कातडे सोलत गेले तसा तो वर रेटत गेला. लांडग्याला कड्यावर पाय ठरेना. त्याचे वजन त्यालाच खाली खेचू लागले. अखेर मूठभर कातडे आणि केस तोंडात घेऊन तो खाली पडला. बांडीने पुढचे पाय सपाटीवर टाकले. भुरीने तिची मान दातांत धरून तिला ओढून घेतले आणि बोकड तिच्यामागून वर येऊन पडला.

लांडगा अंधार पडेपर्यंत खाली फिरत राहिला आणि मग निघून गेला.

"पाय इकडे करा," भुरी म्हणाली. उरलेला थोडा लगदा तिने पानात वर आणला होता. बोकडाने मुकाट्याने पाय पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवी बांडीपुढे टाकली. "आजपासून तू बघ. मला नुसतं राखता येतं." कळप पुन्हा कामाला लागला. ताजी हळद आली, तेल आले, धड कापड आले. दर आठवड्याला पिशवी उलटी करून बघायची, असे बांडीने ठरवले आणि तसे ती करू लागली.

बाराव्या दिवशी बांडी व्याली. दोन करडे झाली, दोन्ही जिवंत. नाळेला लावायला हळद हवी होती. बांडी थकून पडली होती. बोकडानेच पिशवी आणून तिच्यापाशी उघडी ठेवली. दोन नाळांना हळद लागली, बांडीच्या खुराला लागली, आणि जाता जाता भुरीनेही शिंगाच्या चिरेवर थोडी लावून घेतली. हळद संपली. बोकडाने पिशवी झटकून पाहिली, तोंडात धरली आणि लंगडत लंगडत नवी हळद आणायला डोंगर उतरू लागला.

तात्पर्य एवढेच : औषध राखण्यासाठी नसते, देण्यासाठी असते. दुखणे लहान असतानाच ते द्यावे आणि संपले की पुन्हा आणावे.